अकरा हत्यारं आणि एक लिंबू

तो चाकू मी शंभर रुपयांना घेतला. फेरीवाल्यानं दीडशे सांगितले होते, म्हणजे पन्नास रुपये मी वाचवले. पुढे जे काही झालं ते या वाचलेल्या पन्नास रुपयांपायी झालं, हे आधीच सांगून टाकतो.

शनिवारची दुपार होती, म्हणून डब्यात हात हलवण्याइतकी जागा होती. डोंबिवलीहून सुटलेली गाडी दिवा सोडून मुंब्र्याकडे निघाली आणि फेरीवाल्यानं गळ्यातल्या ट्रेमधून बोटाएवढी एक लाल वस्तू काढून मोराच्या पिसाऱ्यासारखी फुलवली. मग खिडकीतल्या काकांकडे पेपर मागितला. काकांनी राशिभविष्याचं पान तेवढं काढून घेऊन बाकीचा दिला. त्यानं एक पान हवेत धरलं आणि वरून खाली सर्रकन चिरलं. अर्धं पान माझ्या मांडीवर येऊन पडलं.

"अकरा कामं करतो साहेब. अकरा!"

मी घरात दोन कामं करतो, तीही सांगितल्यावर. अकराचा आकडा ऐकून मला स्वतःचीच थोडी लाज वाटली आणि मी पाकीट काढलं. मला जो चाकू मिळाला तो मात्र त्याच्या हातातला नव्हता, ट्रेखालच्या पिशवीतला होता. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे असतात. इथं तर खायचे दात नव्हतेच.

घरी येऊन मी कामं मोजली. पातं, कात्री, कानस, डबा फोडायचं, बाटली उघडायचं, पेचकस, बूच काढायचा मळसूत्री स्क्रू, दातकोरणं, चिमटा आणि पाठीवर वाटाण्याएवढं होकायंत्र. दहा. परत मोजली, दहाच. अकरावं काम कुठलं याचा शोध घेताना माझी नजर किल्ल्या अडकवायच्या कडीवर गेली. कडी हे अकरावं काम होतं! मी फेरीवाल्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. पण पुढे कळलं की या धंद्यातले भलेभलेही हेच करतात. स्वित्झर्लंडची व्हिक्टोरिनॉक्स कंपनी ५८ मिलिमीटरचा 'क्लासिक' नावाचा छोटा चाकू करते. त्याची सात कामं सांगतात, त्यातलं एक काम कडी आहे. म्हणजे शर्टाची वैशिष्ट्यं सांगताना त्यात हँगर धरावा तसं झालं.

होकायंत्राबद्दल थोडं सांगायला हवं. ते पोलादी चाकूला चिकटवलेलं असल्यामुळे त्याची सुई उत्तर दिशा सोडून कायम चाकूकडेच बोट दाखवत असे. स्वतःकडे बोट दाखवणारं होकायंत्र मी पहिल्यांदाच पाहिलं. एका परीनं ते खरंच बोलत होतं. तुमची अडचण कुठं आहे, तर ही इथं आहे.

आमच्या घराण्यात हा प्रकार नवा नाही. आजोबांच्या जानव्याला तिजोरीची किल्ली असे आणि तिच्या शेजारी चांदीचं कानकोरणं, दातकोरणं आणि चिमटा एका कडीत ओवलेले असत. तीन हत्यारं. तिन्ही चालायची. जेवण झाल्यावर आजोबा झोपाळ्यावर बसून दातकोरणं असं काही फिरवत की बघणाऱ्याला आपलेही दात साफ झाल्यासारखं वाटे. माझ्या चाकूचं दातकोरणं प्लॅस्टिकचं होतं. ते दुसऱ्या दिवशी खिशात हरवलं. तिसऱ्या दिवशी त्याच खिशात, बसताना, मांडीला सापडलं.

आता मुख्य काम, म्हणजे कापणं. पण कापण्याआधी पातं उघडावं लागतं आणि तिथंच गोम आहे. पातं बाहेर ओढायला त्याच्या अंगावर नखाएवढी एक खाच असते. खाचेत नख घालायचं आणि खेचायचं. माझी नखं मी दर रविवारी कापतो, आईच्या धाकानं. म्हणजे रविवार ते बुधवार चाकू उघडत नसे. गुरुवारपर्यंत नख जरा वाढे, मग पातं हलायच्या आधी नख तुटे. तुटलेलं नख घासायला याच चाकूत कानस होती, पण ती बाहेर काढायलाही नख लागे. ज्यानं हा चाकू बेतला त्याला एकतर नखं नव्हती किंवा विनोदबुद्धी फार होती.

खिशात मात्र तो आपोआप उघडे. मी दोन्ही अंगठ्यांनी, पक्कडीनं, एकदा तर दारात चिमटवून जे पातं उघडू शकलो नाही, ते खिशात हात घालताना सताड उघडं असायचं. दोन पँटींची अस्तरं त्यात गेली. कापड तो बरा कापायचा, हे कबूल केलं पाहिजे.

सकाळी दुधाची पिशवी फोडायची म्हणून मी मोठ्या दिमाखात ओट्यापाशी गेलो. पिशवी कोपऱ्यात दबली, फुगली, पलीकडे गेली, पण फाटली नाही. आई शेजारी विळीवर बसून गवार मोडत होती. तिनं एक मिनिट पाहिलं, उठली, पिशवी हातात घेतली, कोपरा दाताखाली धरला आणि तोडला. आई ७८ वर्षांची आहे. "दात दिलेत ना देवानं," एवढंच म्हणून ती परत गवारीकडे वळली.

मग पेरू. पेरू मऊ होता, जवळजवळ स्वतःहून फुटायच्या बेतात होता, म्हणून जमला. फोडी केल्या, मीठ-तिखट लावलं, चाकू पुसून खिशात ठेवला. चाकू पुसता येतो तो बाहेरून. आत दहा हत्यारांच्या मधल्या फटींत पेरूचा रस, मीठ आणि चार बिया जाऊन बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी ऑफिसात साहेबांसमोर उभा असताना माझ्या उजव्या मांडीवर काहीतरी चालायला लागलं. मुंग्या ओळीनं निघाल्या होत्या. मी मीटिंगमध्ये का नाचतोय हे साहेबांना शेवटपर्यंत कळलं नाही. बढतीचा विषय त्यांनी पुढे ढकलला तो मात्र आठवतो.

आमच्या गल्लीत महिन्यातून एकदा धारवाला येतो. सायकल स्टँडवर चढवायची, पट्टा दगडाच्या चाकाला जोडायचा आणि पेडल मारत धार लावायची. त्याच्याकडे बायकोनं दोन सुऱ्या आणि कात्री दिली, मी हळूच माझा चाकू पुढे केला. त्यानं पातं अंगठ्यानं चाचपलं, दगडाला एकदा टेकवलं, ठिणगी उडाली नाही तसं परत माझ्या हातात ठेवलं.

"साहेब, ह्याला पाणीच नाय."

धारवाल्याला ते वाक्य अगदी शब्दशः म्हणायचं होतं, हे मला नंतर समजलं. लोहार पातं लालबुंद तापवतो आणि पाण्यात किंवा तेलात बुडवतो. त्यानं पोलाद कडक होतं आणि धार धरतं. याला पाणी पाजणं म्हणतात. 'पाणीदार' हा शब्द आपण माणसांना लावतो, पण तो पात्यालाही लावतात. आता सगळ्या पोलादाला पाणी चढत नाही. चांगल्या ताट-वाट्यांच्या स्टीलमध्ये १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. ते गंजत नाही, पण कितीही तापवून बुडवा, मऊच राहतं. पात्याच्या स्टीलमध्ये निकेल जवळजवळ नसतं, क्रोमियम साधारण १३ टक्के असतं आणि कडक व्हायला पुरेसा कार्बन असतो. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीनं १९१३ साली असं न गंजणारं पोलाद ओतलं, तेही बंदुकीच्या नळ्या लवकर झिजतात यावर उपाय शोधताना. ते पुढे सुऱ्या-चाकूंच्या कामी आलं. माझ्या चाकूनं या दोन्ही घराण्यांचे अवगुण तेवढे उचलले होते. ताटासारखा मऊ आणि विळ्यासारखा गंजका! पात्यावर इंग्रजीत 'स्टेनलेस' असं कोरलेलं होतं आणि पहिल्याच पावसात गंज चढायला सुरुवात झाली ती 'एस' या अक्षरापासून.

"टाकून द्या तो," बायको म्हणाली.

टाकणार कसा? तोवर मी नातेवाइकांत 'चाकूवाला' म्हणून प्रसिद्ध झालो होतो. चाकूचा सगळ्यात मोठा तोटा हाच. तो कापत नाही हे एकट्याला ठाऊक असतं, पण तो आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. मिठाईच्या खोक्याची सुतळी, कुरिअरच्या खोक्याची चिकटपट्टी, मुलांच्या वाढदिवसाचा केक, काहीही निघालं की सगळी खोली माझ्याकडे बघे. मी चाकू काढायचा, नख तोडायचं, पातं उघडायचं, तोवर कुणीतरी किल्लीनं चिकटपट्टी फाडलेली असायची. गंमत म्हणजे ती किल्ली त्याच कडीतली, माझीच असायची.

मी मुद्दाम खऱ्या चाकूची माहिती काढली. आपलं नेमकं कुठं चुकलं हे माणसाला कळलेलं बरं. स्विस सैन्याला १८८९ मध्ये नवी रायफल मिळाली. ती सोडवायला पेचकस लागायचा आणि सैनिकांच्या शिध्यात डबाबंद अन्न आलं होतं, ते उघडायला काहीतरी हवं होतं. दोन्ही खिशात एकत्र मावावं म्हणून सैनिकी चाकू ठरला. पण एवढ्या संख्येनं चाकू करून देणारा कारखानाच स्वित्झर्लंडमध्ये नव्हता, म्हणून पहिली खेप १८९१ मध्ये जर्मनीतल्या झोलिंगेनहून आली. श्वित्झ प्रांतातल्या इबाख गावी कार्ल एल्सेनर नावाच्या गृहस्थानं १८८४ पासून चाकूंचा कारखाना चालवला होता. स्विस सैनिकाच्या खिशात जर्मन चाकू ही गोष्ट त्याच्या जिव्हारी लागली. त्यानं ते काम घेतलं. जर्मन माल स्वस्त पडायचा, त्यामुळे एल्सेनर कर्जात बुडाला, बाकीचे कारागीर मागे हटले, हा मात्र हटला नाही. म्हणजे स्वस्त चाकूनं माणसाला जेरीस आणण्याची परंपरा निदान सव्वाशे वर्षांची आहे. मी तिच्यात फार उशिरा सामील झालो.

१८९७ मध्ये त्यानं अधिकाऱ्यांसाठी हलका चाकू काढला. त्याची खरी करामत स्प्रिंगमध्ये होती. एकाच स्प्रिंगच्या दोन्ही अंगांनी हत्यारं बसवायची, म्हणजे दोन स्प्रिंगांवर सहा हत्यारं पेलतात. या स्प्रिंगमुळेच पातं उघडताना 'टक्' होतं आणि उघडं राहतं, मिटताना 'टक्' होतं आणि मिटलेलं राहतं. आई व्हिक्टोरिया १९०९ साली वारली, तेव्हा त्यानं तिचं नाव चाकूला दिलं. १९२१ मध्ये कारखान्यात न गंजणारं पोलाद आलं, त्याचा 'इनॉक्स' पुढे जोडला आणि व्हिक्टोरिनॉक्स झालं. हे सगळं वाचून मी माझा चाकू कानाशी धरून उघडला. 'टक्' आला नाही. कुठंतरी आत 'खुळ्ळ' झालं, पेरूची बी असावी.

स्प्रिंग नाही म्हणजे काय होतं हे कुरिअरच्या एका खोक्यावर समजलं. पातं टेपवर दाबलं, टेप तसूभरही हलली नाही, मी आणखी जोर लावला आणि पातं शांतपणे मागे फिरून मिटलं. मध्ये माझी तर्जनी होती. ज्या पात्याला दुधाची पिशवी, चिकटपट्टी आणि सुतळी झेपली नव्हती, त्याला माझी तर्जनी एका झटक्यात जमली. डॉक्टर म्हणाले, बोथट चाकूच जास्त जखमा करतो, कारण माणूस जोर लावतो. मग धनुर्वाताचं इंजेक्शन देताना त्यांनी विचारलं, "चाकू केवढा होता?" मी खिशातून काढून दाखवला. त्यांनी सुई बाजूला ठेवली, पोटभर हसून घेतलं आणि मग टोचली. फी तीनशे. चाकू शंभर. वाचवलेले पन्नास वजा जाता साडेतीनशेला पडला.

एवढं होऊनही मी तो जवळ ठेवला, कारण भाच्याचं लग्न आलं होतं.

कल्याणच्या एका कार्यालयात सकाळी हळद, दुपारी लग्न. नवरदेवाला हळद लागली की त्याच्या हातात कट्यार देतात आणि तिच्या टोकाला लिंबू टोचतात. दृष्ट लागू नये आणि टोकही कुणाला लागू नये, अशी दुहेरी सोय. लग्न लागेपर्यंत ती हातातून सोडायची नाही. सगळं सामान आलं होतं. अक्षता, सुपाऱ्या, नारळ, आंब्याचे डहाळे, गुरुजींचा मोबाइल चार्जर. कट्यार बदलापूरच्या घरी कपाटावर राहिली होती.

गुरुजी म्हणाले, "साधी सुरीसुद्धा चालेल." कार्यालयाच्या स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांना कांद्याचा वास होता, ताईनं नाक मुरडलं. आणि मग तिनं सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात ते वाक्य उच्चारलं, ज्याची मी दोन वर्षं वाट पाहत होतो.

"अरे, तुझ्याकडे तो चाकू आहे ना?"

मी उठलो. मामा म्हणून मला लग्नात मान होताच, पण आता मी आवश्यक झालो होतो. शुक्रवार होता, नख बरं वाढलेलं होतं, पातं पहिल्या झटक्यात उघडलं. भाच्यानं लिंबू धरलं. मी टोक टेकवून दाबलं. लिंबाच्या सालीला खळगा पडला, अगदी गालावर पडावी तशी खळी, आणि पातं मागे फिरलं. यावेळी बोट मी वेळेत काढून घेतलं. दुसऱ्यांदा दाबलं तेव्हा लिंबू उडालं, सोवळ्यातल्या गुरुजींच्या पाटावरून टप्पा खाऊन विहीणबाईंच्या पैठणीखाली गेलं. ते काढायला कुणी वाकायचं यावर दोन्हीकडच्या मंडळींची थोडी चर्चा झाली.

"मामा, राहू दे," भाचा म्हणाला.

राहू द्यायला मी काय वेडा होतो? मी बूच काढायचा स्क्रू बाहेर काढला. आमच्या घरात आजवर बुचाची बाटली आलेली नाही. आईला तो पायजम्यात नाडी ओवायचा आकडा वाटत होता आणि तसा प्रयत्नही तिनं एकदा करून पाहिला होता. तो स्क्रू मी लिंबावर ठेवला आणि फिरवला. गेला! लोण्यात जावा तसा गेला. देठापासून बुडापर्यंत, सुबकपणे, एक थेंब रस न सांडता. अकरा हत्यारांपैकी एकानं उभ्या आयुष्यात एकदा काम केलं आणि तेही माझ्या बहिणीच्या मुलाच्या लग्नात. मांडवात कुणीतरी टाळीसुद्धा वाजवली.

आता त्या लिंबाच्या खाली चाकू होता, चाकूला कडी होती आणि कडीत घराच्या लॅचची किल्ली, स्कूटरची किल्ली, गोदरेजच्या कपाटाची आणि ऑफिसच्या खणाची अशा चार किल्ल्या होत्या. किल्ल्या ओढून काढायच्या तर लिंबू निसटलं असतं आणि लिंबाला आता हात लावायचा नाही असा निर्वाळा गुरुजींनी दिला. त्यामुळे नवरदेव दिवसभर एका हातात लिंबू आणि किल्ल्यांचा जुडगा घेऊन फिरला. मंगलाष्टकांत प्रत्येक 'सावधान'ला त्याचा हात थरथरे आणि किल्ल्या छन् करत. नंतर कुणी म्हणालं, टाळ वाजताहेत असंच वाटत होतं. वधूच्या आत्यानं माझ्या बायकोला बाजूला घेऊन विचारलं, "तुमच्यात लग्नातच सुनेच्या हाती घरच्या किल्ल्या द्यायची पद्धत आहे वाटतं? फार छान पद्धत आहे हो." बायकोनं "हो, पूर्वापार" म्हणून सांगितलं. अल्बममध्ये ३४० फोटो आहेत, त्यातल्या शंभरेक फोटोंत माझी स्कूटरची किल्ली स्पष्ट दिसते.

रात्री साडेअकराला आम्ही डोंबिवलीला पोचलो. आई ताईकडेच राहिली होती. दारापाशी उभं राहून मी सवयीनं खिशात हात घातला आणि मला नवरदेवाची शेरवानी आठवली. भाच्याचा फोन बंद होता, जो त्या रात्री बंद असणं साहजिकच होतं. दुसरी किल्ली होती. ती घरात, फ्रीजवरच्या डब्यात होती.

"अहो," बायको जिन्याच्या पायरीवर बसत म्हणाली, "त्याची अकरा कामं आहेत ना, त्यात कुलूप उघडायचं नाही का?"

आम्ही शेजाऱ्यांकडे झोपलो. शेजारचे काका समजूतदार आहेत, त्यांनी काही विचारलं नाही. फक्त सकाळी चहाबरोबर ब्रेड आणला तेव्हा लोणी लावायची सुरी माझ्या हाती न देता स्वतःच लावून दिलं.

सत्यनारायणाच्या दिवशी जुडगा परत मिळाला, लिंबासकट. लिंबू सुकून सुपारीएवढं झालं होतं आणि स्क्रूभोवती इतकं घट्ट बसलं होतं की ते काढायला अडकित्ता लागला.

यानंतरही चाकू माझ्याकडे आठ महिने राहिला. मला आता त्याच्याकडून काही नको होतं. जुन्या नोकरासारखा तो असे, काम सांगायचं नाही आणि काढायचंही नाही.

मग नागपूरला जायचा योग आला. विमानानं. तपासणीच्या ठिकाणी घड्याळ, पट्टा, मोबाइल आणि किल्ल्या ट्रेमध्ये टाकून मी पलीकडे गेलो. ट्रे मशीनमधून बाहेर आला तो थेट एका जवानाच्या हातात.

"ये चाकू है?" त्यानं विचारलं.

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. आईनं त्याला खेळणं म्हटलं होतं, धारवाल्यानं पत्रा, डॉक्टर हसले होते, भाच्यानं 'राहू दे' म्हटलं होतं. या तीन वर्षांत त्याला हातात घेऊन चाकू म्हणणारा हा पहिला माणूस. तोही गणवेशातला, अधिकृत. "हां," मी म्हणालो. आवाज जरा भरून आला असावा, कारण त्यानं माझ्याकडे दुसऱ्यांदा बघितलं.

आपल्या शस्त्र कायद्याच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचा हिशेब आहे, तोही घरकामाची सुरी वगळून. माझं पातं चार सेंटिमीटर. कायद्याच्या लेखी ते शस्त्र नव्हतं आणि आमच्या स्वयंपाकघराच्या लेखी सुरीही नव्हती. पण विमानात हातातल्या सामानात चाकू नाही म्हणजे नाही. अमेरिकेत २०१३ च्या मार्चमध्ये सुरक्षा खात्यानं सहा सेंटिमीटरपर्यंतची पाती विमानात चालतील असं जाहीर केलं होतं. विमानातल्या कर्मचाऱ्यांनी इतका विरोध केला की जूनमध्ये तो बेत गुंडाळावा लागला. माझा चाकू दाखवला असता तर कदाचित त्यांचं मत बदललं असतं. मी ही माहिती जवानाला सांगायला लागलो, पण मागे रांग वाढत होती.

"निकालिए," तो म्हणाला.

चाकू काढायचा म्हणजे किल्ल्या काढायच्या, कारण कडी चाकूला रिव्हेटनं ठोकलेली होती. कडी हे अकरावं काम होतं ना! मी कडीच्या तोंडाशी नख घातलं. सोमवार होता. दुसरं नख घातलं, तेही गेलं. जवानानं स्वतः प्रयत्न केला, मग त्याच्या साहेबांनी केला. कडीच्या दोन वेढ्यांच्या मध्ये घालायला काहीतरी पातळ आणि टोकदार हवं होतं. समोर चाकू होता, पण तो वापरून बघू असं कुणाच्याही मनात आलं नाही.

शेवटी माझ्या मागच्या नऊवारीतल्या आजी पुढे आल्या. "बघू रे," म्हणाल्या. अंबाड्यातून एक आकडा काढला, कडीत घातला, पीळ दिला आणि चारही किल्ल्या एकेक करून माझ्या तळहातावर ठेवल्या. आकडा परत अंबाड्यात खोचला आणि निघून गेल्या. तो आकडा कुणी अडवला नाही.

चाकू एका पारदर्शक पेटीत गेला. आत कात्र्या, लायटर, एक भलीमोठी पक्कड आणि एक खरीखुरी, चांगली सुरी होती. त्या सगळ्यांत माझा लाल चाकू उठून दिसत होता. पडताना तो उघडला, स्वतःहून.

चार दिवसांनी नागपूरहून संत्र्याची बर्फी घेऊन घरी आलो. किल्ल्या खिशात सुट्या खुळखुळत होत्या. बायको म्हणाली, तात्पुरत्या ओवून टाका, आणि बर्फीच्या खोक्याची सुतळी माझ्यापुढे टाकली. चारही किल्ल्या ओवून मी गाठ मारली. सुतळी हातभर उरली होती. ती कापायला सवयीनं खिशात हात घातला, तो रिकामाच बाहेर आला. मग दातांनी तोडली. पहिल्याच प्रयत्नात तुटली.